कर्ता कोण ?

आयुष्याचीं चौतीस वर्षें मुलांस संस्कृत व मराठी व्याकरण शिकविण्यांत गेलीं. कर्तरि, कर्मणि आणि भावे हे तीन प्रयोग फळ्यावर किती वेळां लिहिले असतील याची गणती नाहीं. उदाहरण कोणतेंही असो, पहिला प्रश्न ठरलेला : "या वाक्यांतील कर्ता कोण ?" एके वर्षीं वर्तमानपत्रांतील एक वाक्य मीं मुद्दाम दिलें, 'नदीवरील पुलाचें काम लवकरच हातीं घेण्यांत येईल.' मागच्या बाकावरून एक मुलगा उभा राहिला आणि अत्यंत गंभीर मुद्रेनें म्हणाला, "सर, कर्ता फरारी आहे." वर्ग खो खो हसला. मी हसूं आवरून त्यास रागें भरलों आणि 'कर्ता अध्याहृत आहे' हें शास्त्रशुद्ध उत्तर सर्वांकडून वहींत लिहवून घेतलें. पूल व्हावयास पुढें अकरा वर्षें लागलीं. त्या मुलाचें उत्तर किती खरें होतें, हें मला निवृत्तीच्या सुमारास कळलें. तें कसें कळलें हें पुढें सांगणारच आहें.

शिक्षकाच्या वांट्याला जीं कांहीं मानाचीं कामें येतात, त्यांत संस्थांच्या समित्यांवर बसणें हें एक असतें. वाचनालय, शाळा, देवस्थान, रुग्णसेवा मंडळ. कोणती तरी एक समिती येऊन गांठतेच. अशा समित्यांचीं इतिवृत्तें मीं पुष्कळ वाचलीं आणि, सांगावयास संकोच वाटतो, पण कांहीं लिहिलींही. त्यांची भाषा वाचकांपैकीं बहुतेकांच्या परिचयाची असेल. 'साधकबाधक चर्चा करण्यांत आली', 'नोंद घेण्यांत आली', 'योग्य ती कार्यवाही व्हावी', 'विषय पुढील सभेपुढें ठेवण्यांत यावा'. या रचनेला व्याकरणकार नवीन कर्मणि प्रयोग म्हणतात. इंग्रजी कचेऱ्यांतील कागदांच्या भाषांतरांतून ती आपल्याकडे बळावली असावी असा माझा तर्क आहे. तिच्यांत क्रिया असते, कर्म असतें, तारीखही असते. माणूस तेवढा नसतो. पाणिनीनें कारकांचा विचार करतांना कर्त्याचें लक्षण म्हणून स्वातंत्र्यच सांगितलें आहे. त्या क्रियेपुरता जो दुसऱ्याच्या ओढीनें चालत नाहीं, तो कर्ता. तेव्हां 'इतरांनीं सही केली म्हणून मींही केली' असें म्हणणारा मनुष्य पाणिनीच्या कसोटीस कर्ता म्हणून उतरणें कठीणच !

आपल्या घरांत मात्र हा शब्द अजून जिवंत आहे. 'कर्ता पुरुष' आणि 'कर्तीसवरती बाई' हे शब्द आपण नित्य वापरतों. अविभक्त हिंदु कुटुंबाच्या व्यवस्थापकास कायदाही 'कर्ता'च म्हणतो. इंग्रजींत लिहिलेल्या निवाड्यांतूनही तोच शब्द येतो. २००५ सालच्या वारसा कायद्याच्या दुरुस्तीनें मुली सहदायाद झाल्या, त्यामुळें तो मान आतां घरच्या कन्येसही मिळूं शकतो. पण कायद्यानें कर्ता नेमला म्हणून काम होतेंच असें नाहीं. आमच्या पणजोबांनीं मूळ गांवच्या देवळांत नंदादीपाचें तेल आमच्या घराकडून जाईल असें देवापुढें सांगितलें होतें. तीन पिढ्या तें गेलें. पुढें आम्ही भाऊ चार गांवीं विखुरलों. एकदां गांवीं गेलों असतां गुरवानें सहज विचारलें, "यंदा तेलाचं काय ?" चौकशीअंतीं असें दिसून आलें कीं, दोन वर्षें प्रत्येक भाऊ दुसऱ्यानें पैसे पाठविले असतील अशा समजुतींत निश्चिंत होता. चौघांपैकीं एकासही खोटें बोलावें लागलें नाहीं. दीप मात्र गुरव आपल्या पदरच्या तेलानें लावीत होता. थोरल्या वहिनींनीं त्यावर सभा भरविली नाहीं कीं कोणास बोल लाविला नाहीं. स्वयंपाकघरांतील दिनदर्शिकेवर कार्तिकाच्या पानाशीं त्यांनीं दोनच शब्द लिहिले : 'तेल, मी.' तेव्हांपासून खंड नाहीं.

सार्वजनिक संस्थांच्या बाबतींत हे दोन शब्द कोणीं लिहावयाचे, हा प्रश्न महाराष्ट्रांत नवा नाहीं. १८८० च्या जानेवारींत पुण्यांत न्यू इंग्लिश स्कूल निघालें. विष्णुशास्त्री चिपळूणकर व बळवंतराव टिळक हे आरंभापासून होते. वामन शिवराम आपटे व गोपाळराव आगरकर हे त्यांस येऊन मिळाले. १८८४ त डेक्कन एज्युकेशन सोसायटी व १८८५ च्या आरंभीं फर्ग्युसन कॉलेज स्थापन झालें. या मंडळीनें जी घटना ठरविली तिचें वैशिष्ट्य पुष्कळांस त्यागापुरतेंच ठाऊक असतें : वीस वर्षें संस्थेस वाहून घ्यावयाचें आणि महिना पाऊणशें रुपयांवर संसार करावयाचा. मला त्या घटनेचा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. संस्थेचा दैनंदिन कारभारही याच आजीव सभासदांच्या हातीं होता. जो वर्गांत शिकवी तोच संस्था चालवी. वर्ग बिघडला तर व्यवस्थेकडे बोट दाखवावें आणि व्यवस्था बिघडली तर शिक्षकांकडे, ही सोय त्यांनीं आपण होऊन बंद केली होती.

सोय बंद झाली म्हणजे मतभेद उघड्यावर येतात, आणि तसे ते आले. आजीव सभासदानें आपला सर्व वेळ व सर्व शक्ति संस्थेसच द्यावी कीं नेमलेलें काम चोख केल्यावर उरलेला वेळ त्याचा स्वतःचा समजावा, पगार वाढवावा कीं नाहीं, या प्रश्नांवर कित्येक वर्षें खटके उडत होते. १८९० त गोपाळ कृष्ण गोखले यांनीं सार्वजनिक सभेचें चिटणीसपद पत्करलें, तेव्हां तो वाद विकोपास गेला आणि त्या वर्षाअखेर टिळक संस्थेंतून बाहेर पडले. आमच्या घरीं टिळकपक्ष आणि आजोळीं आगरकरपक्ष. जेवणाच्या पंक्तींत हा विषय काढावयाचा नाहीं असा आजीचा दंडक होता. तो मोडून सांगावयाचें तर मला स्वतःला टिळकांचें तत्त्व बरोबर व त्याचा आग्रह दुःसह वाटतो. दहा माणसांनीं एका कडक व्रतानें वीस वर्षें एकत्र राहावें ही अपेक्षा मठांत पुरी होते, पण बायकामुलांच्या माणसांत ती सर्वांकडून पुरी होणें अवघड.

परंतु येथें मुद्दा निराळा आहे. टिळक गेले ते 'प्रकृतिअस्वास्थ्यामुळें' गेले नाहींत. आपण कां जात आहों, घेतलेलें व्रत कोणत्या ठिकाणीं मोडलें असें आपणांस वाटतें, हें त्यांनीं दीर्घ राजीनामापत्रांत कारणांसह लिहून खालीं सही केली. जे राहिले त्यांनींही आपला शब्द अंगावर काढला. कॉलेजचे पहिले प्रिन्सिपॉल आपटे, ज्यांच्या कोशावांचून आम्हां संस्कृतवाल्यांचें पान हालत नाहीं, ते १८९२ त ऐन पस्तिशीच्या आंत वारले. त्यांच्या जागीं आगरकर आले व १८९५ त, चाळिशीही न गांठतां, त्याच जागेवर संपले. गोखल्यांनीं मुदत पुरी करून १९०२ त निरोप घेतला आणि मगच ते सर्वस्वीं राजकारणांत शिरले. टिळकांनीं रिकामी केलेली गणिताची जागा १८९१ त धोंडो केशव कर्वे यांस मिळाली. तेथेंच १९१४ पर्यंत शिकवीत असतां त्यांनीं हिंगण्याचा आश्रम उभा केला. कोणी मोडून गेला, कोणी पुरें करून गेला, कोणी मध्यें मेला. पण कोणीं काय केलें हें आज सव्वाशेंहून अधिक वर्षांनींही नांवनिशीवार सांगतां येतें.

ही झाली व्यक्तीनें संस्थेला दिलेल्या शब्दाची गोष्ट. संस्थेनें दिलेला शब्द कोणीं पाळावयाचा ? व्यक्ति मरते, निवृत्त होते, कंटाळते. ठराव करणारे आणि तो पार पाडणारे एकच असतील असा भरंवसा नसतो. याचें उदाहरण शोधावयास पुण्याबाहेर जावें लागत नाहीं. वस्तुतः फर्ग्युसनच्या टेकडीवरून थोडें खालीं उतरलें म्हणजे पुरे.

डॉक्टर रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या ऐंशीव्या वाढदिवशीं, १९१७ च्या जुलैच्या सहा तारखेस, त्यांच्या नांवाची प्राच्यविद्यासंशोधन संस्था स्थापन झाली. पुढल्याच वर्षीं औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं महाभारताच्या सचित्र आवृत्तीसाठीं एक लक्ष रुपयांचें साहाय्य देऊं केलें. ते स्वतः चित्रकार. त्यांच्या मनांत सुंदर चित्रांचें महाभारत होतें. पण पंडितांनीं म्हटलें कीं, चित्रें काढावयाचीं तीं कोणत्या महाभारताचीं ? काश्मीरच्या शारदा लिपींतील पोथी एक सांगते, बंगालची दुसरें, आणि तेलुगु, ग्रंथ व मल्याळम् लिप्यांतील पोथ्या आणखी तिसरेंच. आधीं पाठ तर ठरूं द्या. १९१९ च्या एप्रिलच्या पहिल्या तारखेस कामास आरंभ झाला. त्या वेळीं भांडारकर ब्यायशीच्या घरांत होते. हें काम आपल्या डोळ्यांदेखत पुरें होणार नाहीं हें त्यांच्याइतकें स्पष्ट कोणास कळत असेल ? १९२५ त ते गेले, तोंवर विराटपर्वाची एक नमुन्यादाखल आवृत्ति तेवढी निघाली होती. ती १९२३ सालीं नारायण बापूजी उटगीकर यांनीं सिद्ध केली.

त्याच १९२५ सालीं मुख्य संपादकपद विष्णु सीताराम सुकथनकर यांच्याकडे आलें. केंब्रिजला गणित आणि बर्लिनला भाषाशास्त्र शिकून आलेला हा गृहस्थ. गणित शिकलेल्या माणसाच्या हातीं पोथ्या पडल्या, ही महाभारतावर मोठीच कृपा झाली असें मला वाटतें. कामाची रीत अशी : एकेक श्लोकास एकेक कागद. कागदावर चौकटी आंखलेल्या. छापील प्रतींतील श्लोकाचें एकेक अक्षर एकेका चौकटींत. खालीं ओळीनें पोथ्यांचीं नांवें, आणि ज्या पोथींत जें अक्षर निराळें असेल तें त्या अक्षराच्या खालच्या चौकटींत. असे कागद हजारोंनीं भरावयाचे. पुण्यांत तर तें चालेच, पण बंगालच्या पोथ्यांसाठीं शांतिनिकेतनांत आणि दक्षिणेकडील पोथ्यांसाठीं तंजावरासही चालत असे. निरनिराळ्या लिप्या जाणणारे शास्त्री सकाळीं येऊन बसत, एक वाची व इतर आपापल्या पोथींतील भेद सांगत. नोकरी म्हणून पाहिलें तर हें काम म्हणजे डोळे फोडून घेणें. एकट्या आदिपर्वास १९३३ साल उजाडलें. आरण्यकपर्व सुकथनकरांनींच १९४२ त पुरें केलें, आणि १९४३ च्या जानेवारीच्या एकविसाव्या तारखेस, महाभारताच्या अर्थावर मुंबईस चाललेली व्याख्यानमाला अपुरी ठेवून, ते अकस्मात् निवर्तले. वय पंचावन्न. अठरांपैकीं बहुतेक पर्वें व्हावयाचीं होतीं.

अशा वेळीं संस्थांचें काय होतें हें आपण सर्वांनीं पाहिलेलें आहे. दुखवट्याचा ठराव होतो, तैलचित्र लागतें, आणि 'कै. अमुक यांचें अपुरें कार्य' हा शब्दप्रयोग पुढें तीस वर्षें अहवालांतून सुखानें नांदतो. येथें तसें झालें नाहीं. श्रीपाद कृष्ण बेलवलकर हे संस्थेच्या स्थापनेपासूनचे. त्यांनीं साठी उलटल्यावर सुकथनकरांची जागा घेतली आणि १९६१ पर्यंत, म्हणजे अठरा वर्षें, ती चालविली. भीष्मपर्व व शांतिपर्व त्यांनीं स्वतः संपादिलें. त्यानंतर परशुराम लक्ष्मण वैद्य. बाहेरचे पंडितही होते : सभापर्व अमेरिकेच्या फ्रँकलिन एजर्टन यांनीं केलें, उद्योगपर्व सुशीलकुमार डे यांनीं. १९६६ च्या सप्टेंबरच्या बावीस तारखेस राष्ट्रपति सर्वपल्ली राधाकृष्णन् यांच्या हस्तें पुण्यास समाप्तीचा समारंभ झाला. एकोणीस खंड, श्लोक एकोणनव्वद हजारांच्या वर, तपासलेल्या पोथ्या बाराशें एकोणसाठ, वर्षें सत्तेचाळीस. आरंभीं कोऱ्या कागदाकडे पाहणारे भांडारकर, औंधकर राजे आणि सुकथनकर यांच्यापैकीं त्या दिवशीं कोणीच नव्हतें. बेलवलकरांनीं मात्र तो दिवस पाहिला आणि पुढच्याच वर्षीं तेही गेले.

या आवृत्तीचे खंड मीं आमच्या जिल्ह्याच्या ग्रंथालयांत बसून वाचले आहेत. पानाच्या वरच्या भागांत निवडलेला पाठ आणि खालीं बारीक टाइपांत पाठभेद. त्या खालच्या भागाकडे सामान्य वाचक ढुंकूनही पाहत नाहीं. मला मात्र तोच भाग पाहत राहावासा वाटतो. कारण तेथें 'असा पाठ आढळतो' एवढेंच म्हणून कोठें सोडलेलें नाहीं. शारदा पोथी हें म्हणते, देवनागरींतील अमुक क्रमांकाची पोथी तें म्हणते. प्रत्येक अक्षराला साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला खूण आहे. जो श्लोक संपादकांनीं मूळ संहितेंतून वगळला तोही फेंकून दिलेला नाहीं. तळटीपेंत किंवा परिशिष्टांत तो उभा आहे. कोणत्या पोथ्यांनीं त्याची बाजू घेतली हेंही तेथें आहे. आमचीं इतिवृत्तें अशा रीतीनें लिहिलीं जातीं तर !

आतां आरंभीं सांगेन म्हटलेली गोष्ट. ती माझ्या अंगावरची आहे.

ज्या शाळेंत मी शिकवीत होतों तेथें २००१ सालीं गांवांतील एक वृद्ध बाई आल्या. यजमान नुकतेच वारले होते. त्यांच्या नांवें शालान्त परीक्षेंत संस्कृतांत पहिल्या येणाऱ्या मुलास किंवा मुलीस दर वर्षीं बक्षीस मिळावें, म्हणून त्यांनीं पंचवीस हजार रुपये ठेव म्हणून दिले. अट एकच : दर जूनमध्यें निकाल लागल्यावर त्या विद्यार्थ्याचें नांव आपणांस पत्रानें कळवावें. संस्कृत माझ्याकडे, तेव्हां पोस्टकार्ड लिहिण्याचें काम माझ्याकडे आलें. सात वर्षें मीं तें केलें. पुढें बाई मुलाकडे दुसऱ्या शहरीं राहावयास गेल्या. तोही पत्ता त्यांनीं मला कळविला होता. २००९ सालीं शाळेच्या नव्या खोल्यांचें काम अडलें, आणि मग बक्षिसाविषयींचें माझें लक्ष हळूहळू उडालें. आपण विचाराल, कसें उडालें ? मी स्वतःलाच तें अनेकदां विचारलें आहे. काम वाढलें होतें, बाई दूर होत्या, आणि शाळेकडून बक्षिसाची रक्कम आली नाहीं, म्हणून कार्ड गेलें नाहीं. एवढेंच उत्तर सांपडतें.

२०१९ च्या उन्हाळ्यांत, माझ्या निवृत्तीस थोडे दिवस उरले असतां, एक तरुण मुलगी घरीं आली. ती त्या बाईंची नात. तिनें पिशवींतून सात पोस्टकार्डें काढून टेबलावर मांडलीं. सगळीं माझ्या अक्षरांतलीं. ती भांडावयास आली नव्हती. "आजी अजून जूनमध्यें पोस्टमनची वाट पाहते," ती म्हणाली. "बक्षीस बंद झालं असेल तर तसं तिला सांगून टाकावं, असं बाबा म्हणतात. पण मी म्हटलं, आधीं सरांना विचारून येतें."

दुसऱ्या दिवशीं कार्यालयांत जाऊन मीं जुनीं इतिवृत्तें काढविलीं. २००९ च्या ऑगस्टमधील सभेचा ठराव सांपडला : 'बक्षीसनिधि योजना तूर्त स्थगित ठेवण्यांत यावी व सदर रक्कम इमारत निधींत वर्ग करण्यांत यावी असें सर्वानुमतें ठरविण्यांत आलें.' विशिष्ट हेतूनें दिलेली देणगी परस्पर दुसरीकडे वळवितां येत नाहीं, एवढा सार्वजनिक न्यासांचा कायदा मला तेव्हांही माहीत होता. शिक्षक-प्रतिनिधि म्हणून मी त्या सभेस हजर होतों. खालीं सात सह्या. चौथी माझी. तो ठराव वाचला गेल्याचें मला आठवत नाहीं. सही करतांना मी शेजाऱ्याशीं दहावीच्या निकालाविषयीं बोलत होतों, हें मात्र पक्कें आठवतें. उरलेल्या सहांपैकीं दोघे दिवंगत झाले होते. बाकीच्यांस मीं एकेकट्यास गांठून विचारलें. एकजात उत्तर आलें : "समितीनं ठरवलं होतं." त्यांच्यापैकीं एकही मनुष्य अप्रामाणिक नाहीं. त्या पैशांतील एक कवडीही कोणीं खाल्ली नाहीं. त्या खोल्यांत आज मुलें बसतात. आणि मागल्या बाकावरचा तो मुलगा मला त्या दिवशीं फार आठवला.

मी त्या शहरीं जाऊन बाईंस भेटलों. वय अठ्ठ्याऐंशी, ऐकूं कमी येत होतें, ओळख मात्र लागलीच पटली. मीं वाटेंत पुष्कळ वाक्यें जुळविलीं होतीं. 'निधि वर्ग करण्यांत आला' हें वाक्य ओठांपर्यंत आलेंही होतें. अखेर म्हटलें, "काकू, तुमचे पैसे खोल्यांच्या कामांत घातले. त्या कागदावर मीं सही केली आहे, आणि तुम्हांला कळवलं नाहीं तेंही मींच." त्यांनीं बराच वेळ माझ्याकडे पाहिलें. रागावल्या असत्या तर बरें वाटलें असतें. मग त्यांनीं विचारलें, "मग दहा वर्षं पहिलं कोण कोण आलं, तें तरी तुमच्यापाशीं लिहिलेलं आहे का ?"

तें माझ्यापाशीं होतें. परत येऊन शाळेच्या गुणपत्रकांवरून पडताळून पाहिलें आणि अकरा नांवें, गुणांसह, एका कागदावर लिहून पाठविलीं. त्यांत सात मुली होत्या. अकरांपैकीं आठांचे पत्ते लागले. त्यांस माझ्या निवृत्तिवेतनांतून बक्षीस पोंचतें केलें. तिघांचें अजून पाकिटांत आहे. मूळ ठेव परत उभी करावी असा लेखी अर्ज मीं संस्थेस दिला. तो सभेपुढें ठेवण्यांत आला, त्यावर चर्चा करण्यांत आली, व विषय पुढील सभेपुढें ठेवण्यांत यावा असें ठरलें. तेव्हांपासून प्रत्येक सभेच्या आधीं मी त्याची एक प्रत कार्यवाहांच्या हातीं नेऊन देतों आणि पोंच घेतों. बाई पुढें दोन वर्षांनीं गेल्या. पोस्टकार्ड आतां नातीच्या पत्त्यावर जातें. यंदाच्या कार्डावर एका रिक्षावाल्याच्या मुलीचें नांव आहे, शंभरांपैकीं अठ्ठ्याण्णव गुण, आणि खालीं माझी सही.